एका सतरा अंकी संख्येचा अभ्यास



स्मरणिका हाती पडली की आपण आधी छायाचित्रे पाहतो, मग अहवाल चाळतो, मग देणगीदारांच्या यादीत ओळखीची नावे शोधतो. गणितावरचा लेख दिसला की बहुतेक जण पान उलटतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही या वेळी आम्ही गणितावरच लिहिण्याचे ठरवले. त्याला कारण आहे आपल्या रविवारच्या अभ्यासवर्गात घडलेला एक प्रसंग. त्या प्रसंगात चूक आमची, म्हणजे शिकवणाऱ्यांची होती. आणि ती दाखवून दिली नववीतल्या एका मुलीने.

हा प्रसंग पुढे सांगणारच आहोत. पण तो नीट समजण्यासाठी आधी एका संख्येची ओळख करून घ्यावी लागेल. वाचकांनी कृपया वही-पेन्सिल जवळ घेऊन बसावे. साधा गुणाकार, भागाकार आणि हातचा एवढे येत असेल तर या लेखातील सर्व काही समजेल. पालकांनीही मुलांबरोबर बसावे. शाळा सुटून कितीही वर्षे झाली असली तरी हरकत नाही.

१. संख्येची ओळख

आपली संख्या अशी आहे :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढत जायचे आणि नऊपासून पुन्हा एकपर्यंत उतरायचे. एकूण अंक सतरा. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून वाचा, संख्या तीच राहते.

आता ती मोठ्याने वाचायची कशी? आपल्याकडे स्थानांची जुनी नावे आहेत : एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. ही अठरा नावे झाली. आपली संख्या सतरा अंकी असल्यामुळे तिचा सर्वांत डावीकडचा एक हा 'मध्य' या स्थानी बसतो. परार्धाला फक्त एक घर कमी. मधला नऊ दशकोटीच्या घरात आहे. रोजच्या भाषेत वाचायचे तर : एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लक्ष सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव इतके कोटी, आणि वर शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस.

ही संख्या किती मोठी आहे याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब करू. दर सेकंदाला एक याप्रमाणे, न थांबता, न झोपता मोजत गेलो तर इथपर्यंत पोहोचायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. म्हणजे मोजून ही संख्या कोणाच्याही हाती लागणार नाही. पण विचाराने ती पाच मिनिटांत हाती येते. गणिताचा उपयोग तो हाच.

२. ही संख्या येते कोठून?

खालील वर्ग पाहा. वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणणे.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

पुढेही असेच. नऊ एक एकापुढे एक लिहिले की १११११११११ ही संख्या होते. तिचा वर्ग म्हणजेच आपली सतरा अंकी संख्या.

हे पाहून वर्गातील मुले "वा!" म्हणतात. पण "वा!" म्हणून थांबायचे नाही. असे का होते, हे विचारायचे. त्यासाठी १११ × १११ हा गुणाकार शाळेत करतो तसा उभा मांडू :

    १११
   १११०
  १११००
  ------
  १२३२१

प्रत्येक ओळीत तेच तीन एक आहेत. फक्त प्रत्येक वेळी ओळ एक घर डावीकडे सरकते. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एकच 'एक' आला, म्हणून १. दशकाच्या घरात दोन ओळींतले दोन एक आले, म्हणून २. शतकाच्या घरात तीन. त्यापुढे खालच्याच ओळी पोहोचतात, म्हणून एक एक कमी होत जातो : २, मग १.

नऊ एकांच्या बाबतीत अशा नऊ ओळी होतात. मधल्या घरात नऊ एक जमतात, आणि दोन्ही बाजूंना एकेकाने कमी होत जातात. म्हणजे आपल्या संख्येतील प्रत्येक अंक हा त्या त्या घरात किती एक जमले याची मोजणी आहे. चढण आणि उतरण यात जादू नाही. ओळी सरकत गेल्याचा तो परिणाम आहे.

३. अंकांची बेरीज

आता संख्येतील सर्व अंकांची बेरीज करू. एक ते आठ यांची बेरीज ३६. ती दोनदा येते, म्हणून ७२. मधला नऊ मिळवला की ८१.

ही ८१ बेरीज न करताही सांगता आली असती. उभ्या मांडणीत नऊ ओळी होत्या, प्रत्येक ओळीत नऊ एक होते. एकूण एक किती? नऊ नवे ८१. तेच सारे एक घराघरांत वाटले गेले. कोठेही हातचा आला नाही, म्हणून एकही एक हरवला नाही. हातचा आला नाही, हे शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

अंकांची बेरीज नऊने विभाज्य असेल तर संख्याही नऊने विभाज्य असते, ही कसोटी आपण शाळेत शिकतो. म्हणून आपली संख्या नऊने विभाज्य आहे. पण ती ८१ नेही विभाज्य आहे का? अंकांची बेरीज ८१ आली म्हणून "हो" म्हणू नये. ही कसोटी ३ आणि ९ यांच्यापुरतीच खरी आहे. उदाहरणार्थ, १८९९ या संख्येच्या अंकांची बेरीज २७ येते, पण १८९९ ला २७ ने भाग जात नाही. करून पाहा.

आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो हे खरे आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून तिला ९ ने भाग जातो. मग तिच्या वर्गाला ९ × ९, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. उत्तर तेच आले तरी योग्य कारणाने आलेले उत्तर आणि चुकीच्या कारणाने आलेले उत्तर यांत फरक असतो. परीक्षेत दोघांना सारखे गुण मिळतील कदाचित, पण पुढच्या गणितात चुकीचे कारण दगा देते.

आणखी एक गंमत. आपल्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, गुणले तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो. कारण ८१ हा ९ चा वर्ग आणि १११११११११ ला ९ ने गुणले की नऊ नऊ होतात. हा वर्ग आहे ९९९९९९९९८००००००००१. याचे मधोमध दोन भाग करा : ९९९९९९९९८ आणि ००००००००१. दोहोंची बेरीज पुन्हा ९९९९९९९९९!

४. मूळ अवयव

कोणतीही संख्या समजून घ्यायची असेल तर ती कोणत्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे ते पाहावे. सतरा अंकी संख्येचे अवयव पाडायचे म्हटले की घाम फुटेल. पण आपल्याला माहीत आहे की ती १११११११११ चा वर्ग आहे. म्हणून नऊ एकांचे अवयव पाडले की काम झाले.

नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा : १११ १११ १११. म्हणजेच १११ × १००१००१. आता १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो : १००१००१ = ३ × ३३३६६७. ही ३३३६६७ मात्र मूळ संख्या आहे. तिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कोणीही भागत नाही. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे. त्यापुढे जाण्याची गरज नाही, कारण ५७८ चा वर्ग ३३३६६७ पेक्षा मोठा आहे. सुट्टीच्या दिवसांत दोघा-तिघांनी वाटून घेतले तर होईल.

म्हणून नऊ एक = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. आणि आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या एकूण ४५ आहेत (५ × ३ × ३). वर्गसंख्येच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम येते. का, याचा विचार करावा.

येथे एक नियम सापडतो. नऊ ही संख्या ३ × ३ अशी फुटते, म्हणून नऊ एकांचे सारखे गट पडले आणि अवयव मिळाला. एकांची संख्या अशी फुटत असेल, तर त्या एकांनी बनलेली संख्याही फुटते. मग एकांची संख्या मूळ असेल तर? २ एक (११), १९ एक आणि २३ एक यांच्या संख्या खरोखर मूळ आहेत. पण ३ एक घ्या : १११ = ३ × ३७. तीन मूळ आहे, तरी १११ मूळ नाही. नियम एका दिशेने खरा असला म्हणजे उलट दिशेनेही खरा असतो, असे नाही.

५. आठ कोठे गेला?

१११११११११ ला ९ ने भागले तर १२३४५६७९ येते. या संख्येत आठ नाही! विद्यार्थ्यांना याचे फार नवल वाटते. भागाकार पायरी पायरीने करू.

११ मध्ये ९ एकदा, बाकी २. पुढचा एक खाली घेतला, २१ झाले : दोनदा, बाकी ३. मग ३१ : तीनदा, बाकी ४. ४१ : चारदा, बाकी ५. ५१ : पाचदा, बाकी ६. ६१ : सहादा, बाकी ७. ७१ : सातदा, बाकी ८. आता शेवटचा एक खाली घेतला, ८१ झाले. आठदा घेतले तर ७२ होतात आणि बाकी ९ उरते. पण नऊने भागताना बाकी नऊ ठेवता येत नाही. ती आणखी एकदा जाते. म्हणून नऊदा, बाकी शून्य. आठ हरवला नाही. त्याची बाकी मावली नाही, म्हणून त्याच्या जागी नऊ बसला.

या संख्येचा उपयोग करून लहान मुलांना खेळ दाखवता येतो. तुमचा आवडता अंक कोणता? सात. मग १२३४५६७९ ला ६३ ने (सात नवे) गुणा. उत्तर ७७७७७७७७७.

६. पूर्वीचे अभ्यासक

अशा संख्यांचा नाद आजचा नाही. इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्य नावाचे थोर गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात गळ्यातील हाराप्रमाणे दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या संख्या गुणाकाराने तयार करण्याची उदाहरणे आहेत. त्यात २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हे एक आहे. एकपासून सहापर्यंत चढणारी आणि परत उतरणारी ही संख्या म्हणजे सहा एकांचा वर्ग. आपल्या सतरा अंकी संख्येची धाकटी बहीणच. सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी हे गणित हाताने सोडवून ठेवले होते.

विसाव्या शतकात या संख्यांना नाव दिले ते आपल्याच महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांनी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. शाळा सांभाळून ते संख्यांचा अभ्यास करत. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या 'डेमलो' नावाच्या स्थानकावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो संख्या' असे नाव दिले. हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. त्यांतील १, १२१, १२३२१ ... या मालिकेला ते 'अद्भुत डेमलो संख्या' म्हणत. आपली सतरा अंकी संख्या ही त्या मालिकेतील नववी.

जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते तिला कापरेकरांनी 'हर्षद संख्या' म्हटले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. आपण वर पाहिलेच की आपली संख्या ८१ ने भागली जाते. म्हणजे ती हर्षदही आहे. तसेच वर्गाचे दोन भाग करून मिळवले की मूळची संख्या परत येते, अशा संख्यांना आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. नऊ नऊंची संख्या आपण नुकतीच तशी तपासली. हे खेळ किरकोळ आहेत असे म्हणणारे विद्वानही त्या काळी होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. कापरेकर १९८६ साली वारले.

७. अभ्यासवर्गातला प्रसंग

आता प्रसंगाकडे वळू. आपला अभ्यासवर्ग दर रविवारी सकाळी भरतो. आम्ही दोघे-तिघे आळीपाळीने गणित शिकवतो. एकांच्या वर्गाची ही मालिका आम्ही बरीच वर्षे फळ्यावर लिहीत आलो. नऊ ओळी लिहायच्या आणि शेवटी म्हणायचे, "असेच पुढे चालू राहते." आम्हाला आमच्या गुरुजींनी तसेच सांगितले होते. आम्ही कधी तपासून पाहिले नाही.

त्या रविवारी नऊ ओळी लिहून झाल्या आणि आम्ही विचारले, "दहा एकांचा वर्ग किती?" सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले : एक, दोन, तीन... नऊ, दहा, नऊ, आठ... एक. आम्ही फळ्यावर लिहिले :

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

आणि "शाब्बास" म्हणालो.

शेवटच्या रांगेत नववीतली एक मुलगी बसत असे. सहामाहीत गणितात नापास झालेली. वर्गात सहसा बोलत नसे. आईने आग्रह केला म्हणून येत होती. आपल्याला गणित जमणार नाही, असे तिने मनाशी ठरवूनच टाकले होते. तिने हात वर केला.

"सर, हे वीस अंक झाले."

"मग?"

"आधी दर वेळी दोनच अंक वाढत होते. एक, तीन, पाच, सात... नऊ एकांचे सतरा. मग दहा एकांचे एकोणीस पाहिजेत ना?"

वर्गात हसू पसरले. आम्ही, खरे सांगायचे तर, थोडे अस्वस्थ झालो. "बरोबरच असेल, पाठ्यपुस्तकाबाहेरचे आहे," असे काहीतरी बोलून पुढे जाण्याचा मोह झाला होता. पण आम्ही खडू तिच्या हातात दिला. हे एकच काम आमच्या हातून त्या दिवशी बरोबर झाले.

तिने दहा ओळी मांडल्या. वेळ लागला. मग उजवीकडून बेरीज सुरू केली. १, २, ३ ... नवव्या घरात ९. दहाव्या घरात दहा एक आले. ती थांबली. मग म्हणाली, "इथे हातचा येतो, सर." शून्य लिहिले, हातचा एक. पुढच्या घरात नऊ आणि हातचा एक, दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या पुढे आठ आणि एक, नऊ. मग सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. फळ्यावर उत्तर उमटले :

१२३४५६७९००९८७६५४३२१

मोजून एकोणीस अंक. डाव्या बाजूला आठ नाही. तोच आठ, जो भागाकारातही दिसला नव्हता!

वर्ग गप्प झाला. आम्ही फळ्यावरचे आमचे "शाब्बास" उत्तर सर्वांसमोर पुसले आणि बरीच वर्षे आपण चुकीचे सांगत होतो, हे मान्य केले.

८. त्या चुकीपासून काय शिकलो?

पहिली गोष्ट म्हणजे मालिका नऊलाच का मोडते, हे कळले. एका घरात नऊपेक्षा मोठा अंक राहू शकत नाही. दहा झाले की त्यांना एक होऊन शेजारच्या घरात जावे लागते. म्हणजे १२३...९...३२१ हा देखावा आपल्या दशमान पद्धतीमुळे आहे. कोणी आठाच्या पटीत मोजणारी पद्धत वापरली तर तेथे हा देखावा सात एकांपर्यंतच टिकेल. अवयव मात्र कोणत्याही पद्धतीत लिहिले तरी तेच राहतात. संख्येचा गुण कोणता आणि लिहिण्याच्या रीतीचा गुण कोणता, हे वेगळे ओळखता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट. दहा ओळींत दहा-दहा, म्हणजे एकूण १०० एक होते. पण उत्तराच्या अंकांची बेरीज करा : ८२. अठरा कोठे गेले? प्रत्येक हातच्याला एका घरातून दहा जातात आणि शेजारी फक्त एक मिळतो. म्हणजे प्रत्येक हातच्यामागे बेरजेतून नऊ कमी होतात. हातचे दोन होते; नऊ दुणे अठरा. हिशेब तंतोतंत जुळला. नऊची कसोटी का चालते याचे मूळही येथेच आहे : हातचा आला तरी कमी होतात ते नऊच.

तिसरी गोष्ट आम्हाला नंतर कळली आणि ती सर्वांत गमतीची आहे. सगळ्या वर्गाने ओरडून सांगितलेले ते वीस अंकी चुकीचे उत्तर, १२३४५६७८९१०९८७६५४३२१, हे कोणत्याच संख्येचा वर्ग नाही. वर्ग तर सोडाच, ती मूळ संख्या आहे! संगणकाच्या मदतीने हे पक्के झालेले आहे. जिला दहा एकांचा वर्ग म्हणून आम्ही शाबासकी दिली, तिला एक आणि ती स्वतः यांशिवाय अवयवच नाहीत. दिसायला सगळी मालिका सारखी. आत पाहिले तर एक अवयवांनी भरलेली आणि दुसरी एकटी.

९. यंत्र आणि आपण

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. हाताने कशाला करायचे? यंत्र जरूर वापरावे. पण त्याची मर्यादा ओळखावी. आठ अंकी साध्या कॅल्क्युलेटरवर नऊ एक लिहिताच येत नाहीत. संगणकावर हिशेबाच्या तक्त्यात आपली सतरा अंकी संख्या लिहिली तर पुष्कळदा ती १२३४५६७८९८७६५४३०० अशी दिसते, कारण तो तक्ता पंधराच अंक जपतो आणि पुढचे अंक शून्य करून टाकतो. कोणतीही सूचना देत नाही.

ही चूक पकडायची कशी? अंकांची बेरीज करा. ८१ ऐवजी ७८ येते. ७८ ला नऊने भाग जात नाही, म्हणजे ही नऊ एकांच्या वर्गाची संख्या असूच शकत नाही. चौथीतले मूल करील एवढ्या बेरजेने संगणकाची चूक पकडता येते. मात्र कसोटी ठाऊक हवी, आणि तपासण्याची सवय हवी.

१०. स्वाध्याय

(१) गुणाकार न मांडता १११११११ (सात एक) चा वर्ग लिहा. अंकांची बेरीज किती येईल?
(२) १२३४५६७९ × ५४ = किती? तोंडी सांगा.
(३) अकरा एकांचा वर्ग मांडून काढा. हातचे किती आले? अंकांची बेरीज १२१ पेक्षा कितीने कमी आली?
(४) महावीराचार्यांच्या ग्रंथातील १५२२०७ × ७३ हा गुणाकार करा. जे उत्तर येईल त्याचा वर्ग हर्षद संख्या आहे का?
(५) ११११११ (सहा एक) चे मूळ अवयव पाडा.

उत्तरे : (१) १२३४५६७६५४३२१, ४९. (२) ६६६६६६६६६. (३) १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, हातचे चार, ३६ ने कमी. (४) आठ एक येतात. वर्गाच्या अंकांची बेरीज ६४, आणि विषम संख्येला ६४ ने भाग जात नाही, म्हणून नाही. (५) ३, ७, ११, १३, ३७.

उत्तरे आधी पाहिली असतील तरी हरकत नाही, पण ती खरी आहेत की नाही ते एकदा करून पाहावे. आम्ही छापले म्हणून खरे मानू नये. छापणाऱ्याच्या हातूनही अंक इकडचा तिकडे होतो.

शेवटी त्या मुलीविषयी. वार्षिक परीक्षेत ती गणितात पास झाली. पहिली वगैरे आली नाही. पण ती आता शेवटच्या रांगेत बसत नाही, आणि फळ्यावर आम्ही काही लिहिले की आधी अंक मोजते. इतर मुलेही मोजू लागली आहेत. आम्हालाही आता लिहिण्यापूर्वी एकदा तपासावे लागते. अभ्यासवर्ग चालवण्याचे याहून मोठे समाधान आम्हाला ठाऊक नाही.

येत्या रविवारी वही घेऊन या. बारा एकांचा वर्ग फळ्यावर मांडायचा आहे.